मोटारसायकलवर कार्बन फायबरचे भाग छाटणे आणि बसवणे: कामाचा योग्य क्रम

कार्बन फायबरचा मडगार्ड बसत नाही म्हणून त्याची कड कापायची आणि कापून झाल्यावर कळायचे की दोष कडेत नव्हताच, भोकात होता: ही चूक पुण्यातल्या गॅरेजांत आणि सोसायट्यांच्या पार्किंगमध्ये इतक्या वेळा होताना पाहिली आहे की कामाचा क्रम एकदा सविस्तर लिहून काढावा असे वाटले. मीही ती केलेली आहे. तिचा हिशेब चौथ्या टप्प्यात येईल. पत्रा ठोकून सरळ करता येतो, साधे प्लॅस्टिक गरम करून थोडे वळवता येते. कार्बनचा भाग मात्र एकदा जास्त कापला गेला की पुन्हा पूर्वीसारखा होत नाही, आणि जोर लावून ताणात बसवला तर काही आठवड्यांत बोल्टाभोवती तडकतो.

पुढचा मडगार्ड आणि मागच्या चाकावरचा हगर हे दोन भाग या लेखात डोळ्यांसमोर ठेवले आहेत, कारण फिरत्या चाकाच्या सर्वांत जवळ हेच असतात आणि येथील चूक केवळ दिसण्यापुरती राहत नाही. चेनगार्ड, टाचेजवळचे संरक्षक पत्रे, टाकीवरचे कव्हर यांनाही क्रम हाच लागू पडतो. तेथे चाकाच्या तपासण्या तेवढ्या वगळाव्यात.

सुरुवात करण्यापूर्वी या पदार्थाबद्दल तीन गोष्टी पक्क्या लक्षात असाव्यात. पहिली अशी की यातले धागे धरून ठेवणारे इपॉक्सी रेझीन एकदा पक्के झाले की उष्णतेने पुन्हा वितळत नाही. हीटगनने ते थोडे मऊ पडेल, पण नवा आकार धरणार नाही, उलट थर सुटतील. दुसरी अशी की भाग थरांचा बनलेला असतो. धाग्यांच्या दिशेने तो अतिशय मजबूत असतो, पण दोन थरांमध्ये आणि बोल्टाच्या डोक्याखाली चिरडला जाण्याच्या बाबतीत तो नाजूक असतो. तिसरी गोष्ट बहुतेकांना ठाऊक नसते: कार्बनमधून वीज वाहते. त्यामुळे त्याची धूळ वायरिंगच्या जोडांत शिरली तर घातक ठरते, आणि ओलाव्यात अ‍ॅल्युमिनियमला कार्बन टेकलेला राहिला तर अ‍ॅल्युमिनियम गंजून पांढरी पूड सुटू लागते. पुण्यातला पावसाळा चार महिन्यांचा असतो, तेव्हा हा मुद्दा पुस्तकी समजू नये.

टप्पा १: जागा, साधने आणि अंगावरची तयारी

कापण्याची जागा गाडीपासून दूर असावी. पार्किंगमध्ये गाडीशेजारीच स्टूल मांडून कापायला बसणे सोयीचे वाटते, पण उडालेली धूळ बॅटरीच्या टर्मिनलवर, कनेक्टरांत आणि ब्रेकच्या डिस्कवर बसते. ती कापणाऱ्या यंत्राच्या मोटारीतही जाते, म्हणून काम झाल्यावर यंत्र बाहेरून पुसून घ्यावे. गॅलरी टाळावी, खालच्या मजल्यावर वाळत घातलेल्या कपड्यांत ही धूळ गेली तर त्या घरात दोन दिवस अंगाला खाज सुटेल आणि त्यांना कारणही कळणार नाही.

कार्बनचा एक धागा साधारण सात मायक्रॉन जाडीचा असतो, म्हणजे केसाच्या दशांशाच्या आसपास. त्याचे तुटके तुकडे त्वचेत टोचतात आणि त्यांच्यासोबत उडणारी रेझीनची बारीक धूळ फुप्फुसात खोल जाते. रुमाल किंवा साधा सर्जिकल मास्क येथे उपयोगाचा नाही. पाणी मारत ओले घासायचे असेल तर चेहऱ्याला घट्ट बसणारा एन ९५ मास्क चालेल; यंत्राने कोरडे कापायचे असेल तर फिल्टर लावता येणारा अर्ध्या चेहऱ्याचा रेस्पिरेटरच हवा. बंद चष्मा, नायट्राइलचे हातमोजे आणि पूर्ण बाह्यांचा जुना शर्ट घालावा आणि मोजा व बाही जिथे मिळतात तिथे मास्किंग टेप गुंडाळावी.

साधने पुढीलप्रमाणे असावीत: वेग कमीजास्त करता येणारे रोटरी यंत्र आणि हिऱ्याची पूड चढवलेली कापचकती, एक अर्धगोल व एक गोल बारीक कानस, १२०, २४०, ४००, ६०० आणि १००० क्रमांकांचा वॉटर पेपर आणि तो गुंडाळायला लाकडाचा सपाट ठोकळा, कार्बाइडचे ३ मिमीचे आणि हव्या त्या शेवटच्या मापाचे ड्रिल बिट, व्हर्नियर, मास्किंग टेप, ग्रॅमच्या दशांशापर्यंत मोजणारा छोटा काटा आणि लॅमिनेटिंगचे इपॉक्सी. हत्यारे बोहरी आळीत मिळून जातात आणि बोल्ट, रबरी ग्रोमेट, क्लिप-नट, नायलॉनचे वॉशर यांसाठी नाना पेठेतल्या स्पेअरपार्टच्या दुकानांसारखी जागा नाही. जाताना जुना बोल्ट आणि जुना बुश (भोकात बसणारी धातूची छोटी नळी) खिशात टाकून न्यावा. तोंडी सांगितलेल्या मापावर आणलेला बुश हमखास अर्धा मिलिमीटर लांब निघतो.

आणखी एक घरगुती सूचना. ओल्या घासणीला पाणी भरपूर लागते आणि शहराच्या अनेक भागांत देखभालीसाठी गुरुवारी पाणी बंद ठेवतात. सुट्टी गुरुवारची असेल तर दोन बादल्या आदल्या रात्रीच भरून ठेवाव्यात.

टप्पा २: हाती आलेला भाग तपासणे

खोक्यातून भाग काढल्यावर तो लगेच गाडीला लावून पाहण्याचा मोह होतो, पण आधी उजेडात त्याची तपासणी करावी. एक रुपयाच्या नाण्याच्या कडेने भागावर सर्वत्र हलके टकटक करावे. थर चांगले चिकटलेले असतील तेथे आवाज कडक आणि एकसारखा येतो. एखाद्या ठिकाणी तो अचानक बसका आला तर तेथे आतले थर सुटलेले आहेत असे समजावे. भोके ज्या भागात आहेत किंवा पाडायची आहेत, तेथे ही तपासणी दुप्पट काळजीने करावी.

मग भाग उलटा करून मागची बाजू पाहावी. वर काळी वीण आणि मागे पांढुरके जाळे दिसत असेल तर तो भाग वरच्या एका थरापुरता कार्बनचा आणि उरलेला काचतंतूचा आहे. तसा भाग वाईट असतोच असे नाही, फक्त तो कापताना कडेला दोन रंग दिसतील हे आधी माहीत असलेले बरे. शेवटी व्हर्नियरने भोकांजवळची जाडी मोजून लिहून ठेवावी. बुशची लांबी त्यावरूनच ठरणार आहे.

तपासणी: थर सुटलेले, कोपरा तडकलेला किंवा भोकांची जागा उघडपणे चुकलेली असेल तर येथेच थांबून भाग परत करावा. एकदा कानस लागली की कोणताही विक्रेता तो परत घेत नाही, आणि त्यात त्याची चूकही नाही.

टप्पा ३: जुना भाग काढणे

पाना लावण्यापूर्वी दोन्ही बाजूंनी फोटो काढावेत. पुढच्या मडगार्डला बहुधा ब्रेकच्या होजची पट्टी आणि एबीएसच्या (ब्रेक लावताना चाक अडकू न देणाऱ्या यंत्रणेच्या) सेन्सरची वायर अडकवलेली असते. ती कोणत्या बाजूने, कोणत्या क्लिपमधून आणि किती ढील ठेवून गेली आहे हे फोटोत स्पष्ट दिसले पाहिजे. नव्या भागाला त्या क्लिपची जागा नसेल तर तिची सोय आधी ठरवावी. वायर मोकळी सोडून गाडी चालवू नये. ती टायरला लागून तुटली की एबीएस बंद पडते.

बोल्ट काढताना त्यासोबत निघणाऱ्या प्रत्येक वॉशरचा, ग्रोमेटचा आणि धातूच्या बुशचा क्रम कागदावर मांडून ठेवावा. मूळ मडगार्डच्या भोकात बसवलेला हा छोटा धातूचा बुश जुन्या भागासोबत पोत्यात जातो आणि मग नव्या भागावर बोल्टाचे डोके थेट आवळले जाते, ही या कामातली सर्वांत नेहमीची चूक आहे. बोल्टाचा सगळा दाब पेलणे हे बुशचे काम असते. तो नसेल तर दाब थरांवर येतो, थर चिरडतात, बोल्ट ढिला होतो, आपण तो पुन्हा आवळतो आणि भोकाभोवती पांढरट वर्तुळ उमटते.

हगर बसवणाऱ्यांनी आणखी एक पथ्य पाळावे. मागे बसणाऱ्याचे कपडे चाकात जाऊ नयेत म्हणून मागच्या चाकाचा निदान अर्धा भाग झाकणारे संरक्षण असावे, असे केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधील नियम १२३ सांगतो. हगर सुंदर दिसतो म्हणून साडीगार्ड काढून टाकू नये. ओढणी आणि पदर आपल्याकडे रोज मागच्या सीटवर असतात.

टप्पा ४: कोरडी बसवणी आणि दोषाचे निदान

संपूर्ण लेखातला महत्त्वाचा टप्पा हाच. येथे एक तास गेला तरी तो वाया गेला असे समजू नये.

आधी फोर्कवरच्या (पुढचे चाक धरणाऱ्या दोन पायांवरच्या) बोल्टाच्या जागा ब्रशने आणि ओल्या फडक्याने स्वच्छ कराव्यात. नवा भाग जागेवर धरून सर्व बोल्ट बोटांनी दोन-तीन आटे फिरतील एवढेच लावावेत. एकही बोल्ट पूर्ण आवळू नये. एक बोल्ट आवळून मग दुसरे भोक जुळते का हे पाहणे ही उलटी पद्धत आहे, कारण पहिला बोल्ट भागाला चुकीच्या कोनात धरून ठेवतो आणि उरलेली तिन्ही भोके चुकलेली भासतात. सगळे बोल्ट ढिले असताना भाग हाताने पुढे-मागे, वर-खाली हलवावा आणि चाकाच्या मध्यरेषेशी जुळवावा. मध्यरेषेसाठी टायरच्या मधोमध आणि मडगार्डच्या मधोमध टेपची एकेक बारीक पट्टी लावली की नजर फसत नाही.

आता काय अडते आहे ते शोधायचे. अडचणी तीनच प्रकारच्या असतात: भोक चुकलेले, बसण्याची जागा चुकलेली, किंवा कड खरोखरच जास्त. निदानही याच क्रमाने करावे. कड हा शेवटचा संशयित.

माझी चूक येथे झाली होती. मडगार्डचे पुढचे टोक डावीकडे साधारण साडेपाच मिलिमीटर कललेले दिसत होते आणि डावी कड फोर्कला घासत होती. मी सरळ ती कड पाच मिलिमीटरने उतरवली. मडगार्ड बसला, पण टोक वाकडे ते वाकडेच. दुसऱ्या दिवशी पुन्हा उघडल्यावर दिसले की जुन्या मडगार्डचा एक बुश चिखलाने घट्ट होऊन फोर्कच्या उंचवट्यावरच चिकटून राहिला होता आणि त्याच्या कॉलरची जाडी होती दीड मिलिमीटर. दोन बोल्टांमधले अंतर ८० मिमी आणि तेथून टोक ३०० मिमी दूर असेल तर बोल्टापाशी असलेला दीड मिलिमीटरचा फरक टोकाशी साडेपाच मिलिमीटरहून थोडा जास्तच होतो. साधे त्रैराशिक आहे. ते मी कापल्यानंतर मांडले. त्या मडगार्डची डावी बाजू अजूनही उजवीपेक्षा अरुंद आहे आणि गाडी धुताना दर वेळी ती नजरेस पडते.

म्हणून टोकाशी जेवढे चुकलेले दिसते तेवढे कधीही कापू नये. आधी बोल्टापाशी फरक किती आहे ते मोजावे. बसण्याच्या जागी फट असेल तर ती बोल्ट आवळून मिटवू नये, योग्य जाडीचा वॉशर घालून भरावी. पुढच्या मडगार्डच्या बाबतीत याचे आणखी एक कारण आहे. मडगार्ड दोन्ही फोर्कना जोडलेला असतो. तो रुंदीला कमी असताना बोल्ट आवळले तर तो दोन्ही पाय आत ओढतो आणि मग फोर्क सहज खाली-वर होत नाहीत. गाडी खड्ड्यांत कडक लागते आणि मालक ऑइल बदलत बसतो.

जागा कोठे किती हवी, याबाबत गैरसमज पुष्कळ आहेत, म्हणून ते नीट पाहू. मडगार्ड फोर्कच्या खालच्या, चाकासोबत हलणाऱ्या भागावर बसतो, त्यामुळे शॉकअप दबले तरी टायर आणि मडगार्ड यांच्यातले अंतर बदलत नाही. बदलते ते मडगार्ड आणि रेडिएटर, हॉर्न किंवा हेडलाइटखालचा भाग यांच्यातले. स्विंगआर्मवर, म्हणजे मागचे चाक धरणाऱ्या हलत्या दांड्यावर, बसणाऱ्या हगरचेही तसेच: गतिरोधकावर टायरचे अंतर तेच राहते, पण हगरचे वरचे टोक सीटखालच्या भागाकडे आणि मागच्या शॉकअपकडे सरकते. टायर आणि हगर यांच्यातले अंतर मात्र चेन आवळताना किंवा बदलताना बदलते, कारण तेव्हा अ‍ॅक्सल पुढे-मागे होतो. नवी चेन बसली की चाक पुढे येते, म्हणून हगरची तपासणी अ‍ॅक्सल सर्वांत पुढच्या खुणेवर आहे असे धरून करावी.

टायरच्या पृष्ठापासून किमान १० मिमी मोकळी जागा ठेवावी. वेगात टायर किंचित फुगतो, खडी अडकते आणि पावसात ताम्हिणीच्या रस्त्याला किंवा कात्रजच्या पलीकडे एखाद्या कच्च्या वाटेला गेलो की चिखलाचा थर बसतो. मोजताना गाडीवर घासलेला टायर असेल तर नव्या टायरची नक्षी तेवढी उंच असेल हे जमेस धरावे; नाहीतर आजचे १० मिमी टायर बदलल्यावर सहा उरतात.

तपासणी: हँडल दोन्ही बाजूंना शेवटपर्यंत वळवून होज, वायर आणि मडगार्ड पाहावेत. मग रेडिएटरच्या जाळीसमोर, जिथे मडगार्ड सर्वांत जवळ येतो तिथे, मुलांच्या खेळण्यातल्या क्लेचा गोळा चिकटवावा आणि एका जाणत्या माणसाच्या मदतीने पट्ट्याने पुढचे शॉकअप शक्य तितके दाबून धरावेत. चेपल्यावर क्लेची जेवढी जाडी उरली असेल तेवढीच जागा उरलेली आहे. ती हाताने मोजता येते. फोर्कच्या नळीवर प्लॅस्टिकची बारीक टाय गुंडाळून ठेवली तर शॉकअप नेमके किती दबले तेही कळते.

टप्पा ५: भोके दुरुस्त करणे किंवा नवी पाडणे

भोक एक-दोन मिलिमीटरने चुकलेले असेल तर ड्रिलला हात न लावता गोल बारीक कानशीने ते हव्या त्या दिशेला लांबट करावे. पाच-सहा फेऱ्या, मग पुन्हा गाडीवर लावून पाहणे, पुन्हा पाच-सहा फेऱ्या, असा हा उद्योग आहे. कानस दर्शनी बाजूकडून आत ढकलावी आणि मागे घेताना उचलावी. बाहेर ओढताना घासली तर वरचा थर उपटला जातो.

नवे भोक पाडायचे असेल तर भोकाच्या मध्यापासून कडेपर्यंतचे अंतर भोकाच्या व्यासाच्या किमान तिप्पट असावे. म्हणजे ६ मिमीच्या भोकाला १८ मिमी. त्याहून जवळ पाडलेले भोक कडेपर्यंत फाटते. दोन्ही बाजूंना मास्किंग टेप लावावी, मागे लाकडाचा तुकडा घट्ट धरावा आणि खूण टेपवर पेन्सिलीने करावी. हातोड्याने पंच मारू नये. थर तेथेच फुटतात. आधी ३ मिमीचा बिट आणि मग शेवटच्या मापाचा. यंत्राचा वेग जास्त आणि हाताचा दाब अगदी कमी ठेवावा, आणि बिट पलीकडे निघण्याच्या बेतात असताना दाब जवळजवळ सोडूनच द्यावा. साध्या लोखंडी बिटची धार कार्बनमध्ये फार लवकर जाते आणि बोथट बिट कापत नाही, फाडतो.

सावधान: ड्रिलवरचा हातोड्याचे चिन्ह असलेला खटका बंद आहे याची दोनदा खात्री करावी. भिंतीला भोक पाडून तसेच ठेवलेले यंत्र उचलले जाते आणि पहिल्याच क्षणाला भोकाची मागची बाजू उडते.

टप्पा ६: कड आखणे आणि कापणे

भोके आणि बसण्याची जागा दुरुस्त झाल्यावर भाग पुन्हा कोरडा लावून पाहावा. कड कापण्याची गरज अनेकदा या क्षणी संपलेली असते. उरली असेल तर ती आता किती आहे हे खरेपणाने दिसते.

जेथे अडते तेथे दोन्ही बाजूंना रुंद मास्किंग टेप लावावी. भाग गाडीवर असतानाच टेपवर बारीक पेनने रेघ आखावी, मग भाग उतरवून ती रेघ लवचीक पट्टीने नितळ करून घ्यावी. हाताने ओढलेली वळणे कापल्यावर विचित्र दिसतात. दुसरी बाजूही तितकीच कापावी लागणार असेल तर कागदाचा साचा काढून तो उलटा करून वापरावा.

कापताना रेघेच्या बाहेर एक मिलिमीटर ठेवूनच कापावे. हा एक मिलिमीटर कानशीचा हक्क आहे. यंत्राने तो कधीही घेऊ नये. भाग मऊ फडक्यावर पण घट्ट टेकलेला असावा, कारण थरथरणाऱ्या कडेचे थर सुटतात. चकतीचा वेग मिनिटाला साधारण १५ ते २० हजार फेऱ्यांच्या आसपास ठेवावा आणि एकाच खोल फेरीत आरपार न जाता त्याच रेघेवरून दोन-तीन हलक्या फेऱ्या घ्याव्यात. जळक्या रेझीनचा वास आला तर तो थांबण्याचा इशारा आहे: हात जास्त दाबतो आहे किंवा चकती संपली आहे. लोखंड कापायची मोठी ग्राइंडरची चकती वापरून काम लवकर होते हे खरे, पण तिने तापलेली कड आतून पिवळी पडते आणि पुढे तेथूनच थर उकलतात. वळण फार छोटे असेल तर तेथे चकती वापरूच नये, अर्धगोल कानशीने उतरवावे.

धूळ हवेच्या झोताने उडवू नये. ओल्या फडक्याने टिपून घ्यावी आणि ते फडके पिशवीत बांधून टाकून द्यावे. अंगावर धूळ पडली असेल तर आधी वाहत्या पाण्याखाली धरावे. पंचाने घासले की धागे आत शिरतात. कामाचे कपडे घरच्या कपड्यांत धुवायला टाकू नयेत, एवढे सांगायलाच हवे.

टप्पा ७: कड घासणे आणि बंद करणे

उरलेला एक मिलिमीटर कानशीने, मग ठोकळ्यावर गुंडाळलेल्या १२० च्या आणि २४० च्या पेपरने उतरवावा. २४० पासून पुढे सर्व घासणी पाण्यात करावी. पाण्यात साबणाचे दोन थेंब टाकले तर पेपर भरत नाही. धारदार कोपरा अर्ध्या मिलिमीटरएवढा गोलसर करावा, कारण अणकुचीदार कडेवर वार्निशचा थर टिकत नाही. ४०० पर्यंत आल्यावर कड बोटाला गुळगुळीत लागली पाहिजे आणि भिंगातून पाहिल्यास थरांच्या रेषा बंद दिसल्या पाहिजेत. कोठे केस उभे राहिल्यासारखे दिसत असतील तर पातळ सुपर-ग्लूचा एक थेंब तेथे झिरपू द्यावा, वाळू द्यावा आणि पुन्हा घासावे.

येथेच बहुतेक जण थांबतात. उघडी कापलेली कड म्हणजे थरांच्या टोकांची उघडी रांग असते. त्यातून पाणी आत झिरपते आणि कड फुलू लागते. भोकांच्या आतल्या भिंतींचेही तेच. म्हणून कापलेल्या प्रत्येक जागेला, भोकांसह, इपॉक्सीचा पातळ हात द्यावा. रेझीन आणि हार्डनर पाकिटावर दिलेल्या प्रमाणात वजनाने मोजावेत, अंदाजाने नाही. थोडेसे लागते म्हणून दहा ग्रॅमपेक्षा कमी मिसळू नये, कारण इतक्या कमी मापात काट्याची छोटी चूकही प्रमाण बिघडवते. पाच मिनिटांत सुकणारे इपॉक्सी येथे वापरू नये. ते पुढे पिवळे आणि मऊ पडते.

जुलै-ऑगस्टमधल्या दमट हवेत पक्क्या झालेल्या इपॉक्सीवर कधी कधी मेणचट थर येतो. तो तसाच ठेवून वर काही मारले तर ते सोलून निघते. कोमट पाण्याने आणि फडक्याने तो धुऊन काढावा, मगच ६०० चा पेपर फिरवावा. एक दिवस वाळू दिल्यावर वर उन्हापासून संरक्षण देणारा टू-के (हार्डनर मिसळून लावायचा दोन घटकांचा) क्लिअर कोट मारावा, कारण नुसते इपॉक्सी उन्हात पिवळे पडते. टू-के क्लिअरमधला हार्डनर श्वासाला घातक असतो. ते काम घरात करू नये आणि जवळ ओळखीचा रंगकाम करणारा असेल तर त्याच्याकडूनच करून घ्यावे.

टप्पा ८: अंतिम बसवणी

बुशची लांबी भागाच्या जाडीएवढी किंवा केसभर जास्त असावी, म्हणजे बोल्टाचा दाब बुशवर जाईल आणि भाग फक्त धरला जाईल. बुश शक्य नसेल तेथे बोल्टाच्या डोक्याखाली मोठ्या व्यासाचा वॉशर आणि त्याखाली नायलॉनचा किंवा रबराचा वॉशर घालावा. शंकूच्या आकाराच्या डोक्याचे बोल्ट थेट कार्बनमध्ये बसवू नयेत. ते पाचरीसारखे भोक फाडतात.

बोल्ट स्टेनलेस स्टीलचे घ्यावेत. रंगीत अ‍ॅल्युमिनियमचे बोल्ट कार्बनवर फार खुलून दिसतात यात वाद नाही, पण पहिल्या पावसाळ्यानंतर त्यांच्या डोक्याखाली पांढरी पूड जमलेली सापडेल. फोर्क आणि स्विंगआर्मही बहुधा अ‍ॅल्युमिनियमचे असतात, म्हणून कार्बन जेथे त्यांना टेकतो तेथेही नायलॉनचा वॉशर किंवा पातळ प्लॅस्टिकचा तुकडा मध्ये असावा.

आता सर्व बोल्ट पुन्हा हातानेच लावावेत, मध्यरेषा जुळवावी आणि समोरासमोरच्या जोडीने थोडे थोडे आवळत जावे. बुश असेल तर गाडीच्या सर्व्हिस मॅन्युअलमधला आकडा पाळावा. बुश नसेल तर मी एम ५ च्या बोल्टाला ३ ते ४ आणि एम ६ ला ५ ते ६ न्यूटन-मीटरच्या पलीकडे जात नाही. हाताच्या अंदाजावर विसंबण्यापेक्षा छोटा टॉर्क रेंच (ठरवलेल्या जोरापर्यंतच आवळू देणारा पाना) उसना आणावा. बोल्ट सुटू नये म्हणून आट्यांवर मध्यम ताकदीच्या लॉकिंग द्रवाचा एकच थेंब पुरतो. जवळच्या साध्या प्लॅस्टिकच्या फेअरिंगवर तो सांडला तर लगेच पुसावा, कारण त्याने काही प्लॅस्टिकना तडे जातात.

सावधान: मडगार्ड चमकवण्यासाठी मेण किंवा पॉलिश फवारायचे असेल तर ते भाग गाडीवर चढवण्यापूर्वीच करावे. डिस्कवर उडालेल्या पॉलिशचा परिणाम पहिल्याच सिग्नलला कळतो.

एक्झॉस्टजवळ येणाऱ्या भागासाठी वेगळी काळजी घ्यावी. खोलीच्या तापमानावर पक्के झालेले साधे इपॉक्सी ६० ते ८० अंशांच्या दरम्यान मऊ पडू लागते, आणि एप्रिलच्या उन्हात उभ्या गाडीचा काळा भाग आधीच बराच तापलेला असतो. सायलेन्सरपासून निदान २५ मिमी अंतर राखावे आणि भागाच्या आतल्या बाजूला उष्णता परतवणारी अ‍ॅल्युमिनियमची चिकट पट्टी लावावी. ती कार्बनला थेट धातूने टेकणार नाही, मध्ये तिचा गोंद आणि भागाचा क्लिअर कोट असेल, याची खात्री करावी.

टप्पा ९: पहिले शंभर किलोमीटर

गाडी स्टँडवर घेऊन चाक हाताने सावकाश फिरवावे आणि कान देऊन ऐकावे. मग प्रत्येक बोल्टाच्या डोक्यावरून शेजारच्या पृष्ठभागावर पेंट-मार्करने एक बारीक सरळ रेघ ओढावी. बोल्ट किंचितही फिरला तर ही रेघ तुटलेली दिसते आणि पाना लावून तपासण्याची गरज राहत नाही.

पहिली फेरी सोसायटीभोवती, दुसरी चारपाच गतिरोधक असलेल्या रस्त्यावर, तीही मागे कोणाला बसवून. हायवेवर लगेच जाऊ नये. परत आल्यावर मडगार्डच्या आतल्या बाजूने हात फिरवावा. तेथे एखादी चकचकीत, घासल्यासारखी पट्टी दिसली तर टायर लागतो आहे. पुन्हा चौथ्या टप्प्यावर जावे आणि भोकांपासून निदान सुरू करावे. बोल्टाभोवती पांढरे वर्तुळ दिसले तर बुश लहान पडतो आहे. तो बदलेपर्यंत गाडी चालवू नये. रेडिएटरजवळची क्ले अजून काढली नसेल तर तीही पाहावी. शंभर किलोमीटर झाल्यावर रेघा पुन्हा तपासाव्यात आणि पावसाळा असेल तर प्रत्येक धुण्याच्या वेळी मडगार्डच्या आतला चिखल बोटाने काढून कापलेली कड निरखावी. क्लिअर कोटखाली एक मिलिमीटरएवढा जरी दुधी डाग दिसला तरी त्या जागी पाणी शिरले आहे, तेव्हा भाग उतरवून ती जागा पूर्ण वाळवावी आणि सातवा टप्पा तेवढ्यापुरता पुन्हा करावा.